वाकड्या काड्यांची कुल्फी

“तो डबा आत्ताच्या आत्ता बाहेर फेका!”

मॅनेजर अभिजीत इतक्या जोरात ओरडला की वरच्या बर्थवर डुलकी घेणारा ओमकार ताडकन उठला आणि त्याचं डोकं छताला आपटलं.

“फेकणार नाही,” सावित्रीआजी म्हणाल्या. त्यांनी स्टीलचा मोठा डबा मांडीवर ओढला आणि त्यावर दोन्ही हात ठेवले. “अन्न आहे ते.”

“अन्न नाही, विष आहे! पाच माणसं उलट्या करतायत! तुमच्या दशम्या दहा जणांनी खाल्ल्या, त्यांतले पाच आडवे झाले. बाकी सगळी बोगी ठणठणीत! आता आणखी काय सांगायचं?”

मयूर यात्रा कंपनीची ही खास गाडी पहाटे सिकंदराबादहून रामेश्वरला निघाली होती. खिडकीतून देखावे बघायचे, डायनिंग कारमधून गरमागरम जेवण यायचं, आणि मॅनेजरसाहेब माइकवरून वाटेतल्या किल्ल्यांची, नद्यांची माहिती द्यायचे. पत्रकावर तरी असंच छापलं होतं! नल्लकुंट्याचे भगवंतराव आजोबा आणि सावित्रीआजी नातवंडांना घेऊन मोठ्या हौसेने निघाले होते. आठवीत गेलेली शिल्पा, तिचा धाकटा भाऊ ओमकार आणि त्यांचा सिकंदराबादचा आतेभाऊ रितेश. रितेशला मराठी वाचताना घाम फुटायचा, पण मोबाइलवर व्हिडिओ काढायला सांगा, पठ्ठ्या जेवायचंसुद्धा विसरायचा.

आजी प्रवासात बाहेरचं शिजवलेलं काही खात नसत. पाण्याऐवजी दुधात कणीक भिजवून केलेल्या दशम्या मात्र त्यांना चालत, आणि त्या तीन-चार दिवस टिकतही. दुपारी त्यांनी आपल्या आणि शेजारच्या कप्प्यात एकेकाला दशमी आणि शेंगदाण्याची चटणी दिली होती. तेव्हा सगळ्यांनी “वा, वा!” केलं होतं.

आता तीच माणसं डोळे वटारून बघत होती.

“दुधाचं होतं ना? मग नासणारच!” समोरच्या बर्थवरून सुनीताबाई कण्हत म्हणाल्या. त्यांच्या हातात उलटीची पिशवी होती, पण जिभेची धार काही कमी झाली नव्हती. “कुणाच्या घरचं खाऊ नये, हेच खरं. म्हातारपणी हौस सुचते एकेकाला!”

“काकू, नीट बोला!” शिल्पा उसळली.

“गप्प बस गं! मोठ्यांच्या मध्ये तोंड घालतेस!”

अभिजीतने खिशातून एक कागद काढला. त्यावर इंग्रजीत काहीतरी खरडलेलं होतं. “नेल्लोरला डॉक्टर चढणार आहेत. त्याआधी यावर सही करा, की तुमच्या डब्यातलं खाऊन माणसं आजारी पडली. आणि तिथेच उतरा, मुलांसकट. माझ्या गाडीत असले लोक नकोत.”

आजीचा चेहरा पांढरा पडला. त्यांनी उशाशी ठेवलेला तांब्याचा छोटा गडू घट्ट धरला. मागच्या हिवाळ्यात आजी-आजोबा काशीला गेले होते आणि तिथली गंगा या सीलबंद गडूत घेऊन आले होते. ही गंगा रामेश्वरला वाहिल्याशिवाय काशीयात्रा पुरी होत नाही. गुडघे दुखत असतानाही आजी एवढ्यासाठीच निघाल्या होत्या.

“गंगा अर्ध्या वाटेत उतरवायची?” त्या हळूच म्हणाल्या. त्यांचे डोळे भरून आले होते, आणि ते बघून ओमकारला अभिजीतच्या पोटरीला चावावंसं वाटलं.

भगवंतराव आजोबांनी चाळीस वर्षं वकिली केली होती. त्यांनी चष्मा पुसला, कागद वाचला आणि परत दिला.

“सही होणार नाही. पुरावा दाखवा.”

“पुरावा? सगळी बोगी साक्षीला आहे!”

“हौ! उतरवा त्यांना!” शेजारच्या कप्प्यातून कुणीतरी ओरडलं. अभिजीत छाती काढून निघून गेला.

मुलं वरच्या बर्थवर गोळा झाली. घड्याळात चार वाजून दहा मिनिटं झाली होती. ओंगोल कधीच मागे पडलं होतं आणि नेल्लोर साडेपाचला येणार होतं.

“ऐकलंत ना आजोबा काय म्हणाले?” शिल्पा म्हणाली. “पुरावा! तो आपणच शोधायचा.”

“मी दशम्या सहा खाल्ल्या,” ओमकार म्हणाला. “मग मी मेलो का नाही?”

“तू दगडसुद्धा पचवशील, हौल्या!” रितेश म्हणाला.

एवढ्यात डायनिंग कारमधून कुल्फीचा ट्रे आला. आजारी माणसांनी तोंडं फिरवली, पण ओमकारने दोन्ही हात पुढे केले. आजीच्या अपमानाने त्याला राग आला होता, भूक गेली नव्हती.

“ही काय कुल्फी आहे?” त्याने तोंड वाकडं केलं. “काडी धरायला जागाच नाही. आत बुडालीये!”

खरंच! काडी कुल्फीत तिरकी कलंडून जवळजवळ गडप झाली होती. रितेशच्या कुल्फीचीही तीच गत. शिल्पाने ट्रेमध्ये डोकावून पाहिलं. एकजात सगळ्या काड्या वाकड्या!

“थांबा, थांबा!” तिचे डोळे चमकले. “मागच्या आठवड्यात आईने कुल्फी लावली होती आणि दुपारभर करंट गेला होता. आठवतं? कुल्फी वितळली, काड्या कलंडल्या. करंट आल्यावर पुन्हा गोठली, ती अशीच वाकड्या काड्यांची!”

“म्हणजे इथला फ्रीज बंद पडला होता?” ओमकारने चाटता चाटता विचारलं आणि एकदम थबकला. “अय्यो! मग मी ही खाऊ का नको?”

“नको!” दोघं एकदम ओरडले. ओमकारने कुल्फी इतक्या दुःखाने कागदात गुंडाळली की बघणाऱ्याला वाटावं कुणी गेलं बिलं की काय.

“पण फ्रीजमधलं दुपारी काय वाढलं होतं?” शिल्पाने विचारलं. “वरण, भात, भाजी तर गरम होतं.”

“मलई!” ओमकार किंचाळला. त्याचा हा जुना राग होता. “खुबानी का मीठावर, त्या जर्दाळूच्या गोडावर घालायची मलई! आपल्या या दोन कप्प्यांतच संपली. मला एक चमचा मिळाली नाही, आणि सुनीताकाकूंनी दोनदा घेतली!”

शिल्पाने वहीचं पान फाडलं आणि खाली उडी मारली. ज्यांना दशमी दिली होती त्या दहाही जणांना तिने एकच प्रश्न विचारला, मलई घेतली होती का? उत्तरं सरळ मिळाली असती तर काय हवं होतं! एकाने “चल, हो तिकडे” म्हटलं, एका काकांनी “आता आमच्यावर ढकलता का?” म्हणून हात उगारला. पण शिल्पा हटली नाही. पाच मिनिटांत यादी तयार झाली. आजारी पडलेल्या पाचांनी मलई घेतली होती. बऱ्या असलेल्या पाचांपैकी एकानेही नाही!

सुनीताबाईंनी घेतलेली तर ओमकारने पाहिलीच होती, पण त्या ऐकेनात. “मी दशमी खाल्ली, त्यानेच झालं!” त्या फिसकारल्या. “मलईचं नाव काढू नकोस. मॅनेजर बिचारा किती राबतो!”

तेवढ्यात खाली पडलेला चार्जर शोधायला त्यांच्या बर्थखाली वाकलेला रितेश मुंग्या झटकत बाहेर आला. त्याच्या हातात कागदी रुमालाची पुरचुंडी होती. त्याने ती तिथेच उघडली नाही. शिल्पाला नुसती खूण केली आणि तिघं डायनिंग कारकडे पळाली.

दारातच आचारी अंबाजी भेटले. अफझलगंजचे हे म्हातारे आचारी सकाळी मुलांना हसत हसत इडली वाढत होते. आता मात्र त्यांनी दार अडवलं.

“नक्को बेटा, आत नक्को. साहेब रागावतात.”

“अंबाजीकाका, फ्रीज कुणी बंद केला होता?” शिल्पाने सरळच विचारलं.

अंबाजींनी मान खाली घातली. “मला काही विचारू नको. माझी नौकरी जाईल.”

“कोण आहे तिथे?” आतून अभिजीत गरजला. “चला, निघा! तुमच्या आजीने धंदा बसवला, आता तुम्ही आलात का?” त्याने धाडकन दार लावलं. पण दार लागण्याआधी रितेशला कोपरा दिसला होता. फ्रीजच्या मागे भिंतीवर एकुलतं एक सॉकेट होतं.

“एकच सॉकेट,” तो पुटपुटला. “मग माइक कुठे लावला होता?”

तिघांनी एकमेकांकडे बघितलं. रितेशने झटकन मोबाइल काढला. सकाळपासून त्याने डायनिंग कारच्या दारात उभं राहून अभिजीतची सगळी भाषणं चित्रित केली होती. पहिला व्हिडिओ सात पन्नासचा. “मंडळी, आता आपण वरंगळला पोचतोय!” अभिजीत माइक धरून झोकात उभा होता. आणि त्याच्या मागे भिंतीवरच्या सॉकेटमध्ये माइकची काळी वायर. फ्रीजची पांढरी वायर खाली लोंबकळत होती!

“पुढचा लाव, पुढचा!”

खम्ममचा व्हिडिओ, सव्वानऊ. पांढरी वायर तशीच लोंबत होती. कृष्णेच्या पुलाचा व्हिडिओ, बारा वाजता. तशीच!

“सात पन्नासपासून बारापर्यंत!” शिल्पाने बोटं मोजली. “मे महिन्यात चार तास फ्रीज बंद! आणि नंतर तीच मलई आपल्याला वाढली!”

“आणि वर आजीला म्हणतो विष!” ओमकारने मुठी आवळल्या.

साडेपाचला गाडी नेल्लोरला थांबली. डॉक्टर त्रिवेणी बॅग घेऊन चढल्या. त्यांनी पाचही जणांना तपासलं, औषधं दिली. अभिजीत त्यांच्या मागे मागे फिरत होता. “मॅडम, घरचं शिळं खाणं. दुधातल्या दशम्या. या बाईंना इथेच उतरवतोय.” त्याने हमालाला आजीची ट्रंकही उचलायला लावली होती.

“ट्रंक खाली ठेवा!” शिल्पा आडवी उभी राहिली.

“बाजूला हो, पोरी!”

“अहो, ऐकू द्या मला,” डॉक्टर म्हणाल्या. “बोल, बाळ.”

शिल्पाने यादी पुढे केली. ओमकारने कागदात वितळून गेलेली कुल्फी दाखवली, आणि काडी कशी बुडाली होती तेही सांगितलं. रितेशने तिन्ही व्हिडिओ एकामागून एक लावले. बोगीतली सगळी डोकी त्या छोट्या पडद्यावर वाकली. अभिजीतचा रंग उडत चालला.

“खोटं आहे! मी वायर लगेच परत लावली होती! आणि सुनीताबाईंनी दशमीच खाल्ली, त्यांना विचारा!”

“विचारतोच!” रितेशने पुरचुंडी उघडली. आत अख्खी दशमी होती, चटणीसकट. एक घासही तोडलेला नव्हता. “ही काकूंच्या बर्थखाली मिळाली. मुंग्यांनी खाल्ली असेल, काकूंनी नाही!”

सुनीताबाईंचा चेहरा लालबुंद झाला. तोंडावर “वा, वा!” म्हणून त्यांनी दशमी हळूच बर्थखाली सरकवली होती. ते कबूल करण्याची लाज वाटली, म्हणून एका म्हातारीला गाडीतून उतरवायला त्या तयार झाल्या होत्या!

तेवढ्यात दारातून अंबाजी पुढे आले.

“डॉक्टरीणबाई, पोरं खरं बोलतात. मी बारा वाजता बोललो, साहेब, मलई आंबली, फेकून देऊ. साहेब बोलले, खुबानी गोड आहे, कुणाला कळतंय? वाढ! मी डरपोक. वाढली.” त्यांनी आजीपुढे हात जोडले. “माझी नौकरी गेली तर जाऊ दे, माताजी.”

डॉक्टरांनी अभिजीतच्या हातातला तोच इंग्रजी कागद घेऊन उलटा केला आणि मागच्या कोऱ्या बाजूवर सगळं लिहिलं. “हा नासलेल्या मलईचा प्रकार आहे. मी इथून तुमच्या कंपनीला फोन करते. आणि मॅनेजर, सही तुम्ही करायची आहे.”

फोनवर कंपनीचे मालक इतके कडाडले की ते शेजारच्या कप्प्यातही ऐकू गेलं. गाडी हलली तेव्हा नेल्लोरच्या फलाटावर एकच माणूस बॅग घेऊन उभा होता. तो अभिजीत होता! त्याच्या हातात त्याचा लाडका माइकही होता. गाडीची व्यवस्था अंबाजींकडे आली.

“शाबास!” भगवंतराव आजोबांनी तिघांच्या पाठीवर थाप मारली. “चाळीस वर्षांत असे साक्षीदार मला मिळाले नाहीत.”

बोगीतली माणसं एकेक करून आजीपाशी आली. कुणी “माफ करा” म्हटलं, कुणी नुसतंच घुटमळलं. आजी गोड हसल्या बिसल्या नाहीत. अपमान झाला होता, तो त्यांनी लपवला नाही. “दुपारी एकानेही माझ्या बाजूने तोंड उघडलं नाही,” त्या म्हणाल्या. “पोरांनी उघडलं. माफी मागायची तर त्यांची मागा, त्यांच्यावर हात उगारलात.” मग त्यांनी साखर-मिठाचं पाणी केलं आणि पाचही आजाऱ्यांना पाजलं. सुनीताबाईंनाही.

सकाळी गाडी पांबनच्या पुलावर चढली. दोन्हीकडे निळाशार समुद्र! माइक नव्हताच, म्हणून ओमकार बोगीच्या मधोमध उभा राहून घसा ताणून ओरडला, “मंडळी! डावीकडे समुद्र, उजवीकडे समुद्र, आणि फ्रीज चालू आहे!” सगळी बोगी हसली. आजीने गडू दोन्ही हातांत धरून खिडकीशी नेला आणि कितीतरी वेळ त्या पाण्याकडे बघत राहिल्या.

सुनीताबाई बराच वेळ चुळबुळत होत्या. अखेर त्या आजीसमोर येऊन उभ्या राहिल्या. “सावित्रीबाई… पोट आता बरं आहे. डॉक्टरांनी साधं काहीतरी खा म्हटलंय. एखादी दशमी… उरलीये का?”

आजीने डबा उघडला, एक दशमी काढून सुनीताबाईंच्या हातावर ठेवली, आणि आपल्या शेजारची जागा हाताने झटकून दाखवली.

“उरलीये,” आजी म्हणाल्या. “पण या वेळी इथे, माझ्यासमोर बसून खायची!”