रद्द केलेलं कार्ड

"माझा नवरा घरात येतो," नर्स म्हणाली. "त्याला जाऊन चार महिने झाले."

खासगी तपास करणाऱ्या ताईंनी वही उघडली. त्यांचे मदतनीस बापू मात्र दाराकडे पाहत खुर्ची मागे सरकवू लागले.

"दुपारी मी कामावर असते. परत येते तर त्याची खुर्ची खिडकीशी ओढलेली. दाराला कार्डाचं कुलूप आहे, शेवटची दोन कार्डं कुठली लागली ते आतल्या पडद्यावर दिसतं. माझ्या दोन नंबरच्या आधी तिथे एक! एक नंबर त्याचा. ते कार्ड मी स्वतः कापलं, कुलपाच्या मेकॅनिककडून रद्दही करून घेतलं. कुणाला सांगितलं नाही. वेडी म्हणतील."

तिघं तिच्या घरी गेली. मागोमाग दीर आला.

"वहिनी, घर विकून टाका," तो हळुवारपणे म्हणाला. "दादाचा जीव इथे अडकलाय. नाहीतर एक नंबर उमटला असता का?"

नर्सच्या अंगावर सर्रकन काटा आला. बापू भिंतीला टेकले.

ताईंनी खण उघडायला लावला. जादा कार्डांचं पाकीट फाटलेलं होतं. आत तीनपासून आठपर्यंतची कार्डं.

त्यांनी मेकॅनिकला बोलावलं.

"एकूण दहा कार्डं," तो म्हणाला. "शून्य नंबर दुरुस्तीसाठी माझ्याकडे, बाकी नऊ इथे."

"हाच चोर!" बापू ओरडले.

"थांबा हो," म्हणत ताई मेकॅनिककडे वळल्या. "एक नंबर खरंच रद्द केलात?"

"शंभर टक्के. त्याने दार उघडणारच नाही. कुलूप कार्ड ओळखतं पक्कं; नोंद मात्र आखूड ठेवतं. चिप इवलीशी, जागेची मारामार. सगळी नोंद आठ बिटांत कोंबायची. एक बिट दाराला, चार बॅटरीला, उरलेली तीन कार्डाच्या नंबराला."

ताई उठल्या.

"बिटात शून्य किंवा एक, एवढंच मावतं. तीन बिटांत सातपर्यंतचेच आकडे बसतात. नऊ लिहायला चार बिटं लागतात: एक, शून्य, शून्य, एक. पुढचं बिट मावत नाही, गळून पडतं. उरतं काय?"

"शून्य, शून्य, एक," मेकॅनिक पुटपुटला. "अरे देवा! एकच दिसणार."

"म्हणजे भूत नाही?" बापूंनी विचारलं.

"नऊ नंबरचं कार्ड आहे, आणि ते पाकिटात नाही. भावजी, वहिनींनी पडद्यावरचा आकडा कुणालाच सांगितला नव्हता. तुम्हाला कसा कळला? खिसे रिकामे करा."

दिराचा चेहरा पांढराफटक पडला. कार्ड टेबलावर आलं.

"अर्धं घर माझं आहे," तो तडकला. "ही विकायला तयार नव्हती. पहिल्यांदा आलो तेव्हा पडद्यावर एक दिसला नि सुचलं. म्हटलं, घाबरून जाईल."

नर्सने टेबलावरचं कार्ड उचललं.

"घाबरले होतेच," ती म्हणाली. "तरी रोज कामावरून धावत घरी येत होते, भावजी. का, ते तुम्हाला नाही कळायचं."