वेणी घातलेल्या वायरी

जिन्यात त्या दोघांची टक्कर झाली असं म्हणणं तितकंसं खरं नाही. टक्कर झाली ती तिच्या कॉम्प्युटरच्या डब्याची आणि त्याच्या गुडघ्याची. तो तिसऱ्या मजल्यावर पायरीवर बसला होता. ती चौथ्यावरून डबा छातीशी कवटाळून उतरत होती, आणि डब्यापलीकडचं जग तिला दिसतच नव्हतं.

"आई गं!"

"लागलं का?" घाबरून तिनं डबा चाचपला.

"मला विचारताय, की त्याला?"

"त्याला... म्हणजे, तुम्हालासुद्धा."

अंगात निळा शर्ट, कानावर पेन्सिल, समोर भिंतीतलं लिफ्टचं पॅनेल आतडी बाहेर काढल्यासारखं उघडं. हा लिफ्टवाला दोन वाजल्यापासून इथं होता, आणि लिफ्ट दोन वाजल्यापासून तसूभर हलली नव्हती.

"बाळाला दवाखान्यात नेताय?" त्यानं गुडघा चोळत विचारलं.

"बाळ ठणठणीत आहे. आमच्या घरची वीजच बरोबर नाही. खाली मैत्रिणीकडे लावून बघणार आहे."

"वीज बरोबर नाही? मग वर मिक्सर कशावर चाललाय?"

आईचा मिक्सर... माणसाची अब्रू जायची वेळ आली की हमखास सुरू व्हायचा.

गोष्ट अशी होती, की हा कॉम्प्युटर तिनं स्वतः जोडला होता. एकेक भाग आणून, स्क्रूशी बोलत, दोन महिने खपून. काकांचं कॉम्प्युटरचं दुकान होतं आणि त्यांनी सगळ्यांदेखत शब्द दिला होता: "रविवारी पाचला येतो. दुसऱ्या कोणाचा हात न लागता सुरू झाला, तर दुकानातलं जोडणीचं टेबल तुझं. नाही झाला, तर काउंटरवर बसून गिऱ्हाइकांना माउस दाखवायचे." आज रविवार होता. आणि बटण दाबलं की पंखा नाही, दिवा नाही, डबा साधा खोकतसुद्धा नव्हता. दुसरं कोणी असतं तर मिस्त्री बोलावला असता. पण हिचा बाणाच असा, की मोडेन पण मिस्त्रीला बोलावणार नाही.

"मी बघू का?" लिफ्टवाल्यानं हात पुढे केला.

"हात लावायचा नाही!"

"बरं बाई. लांबून नमस्कार करतो."

तेवढ्यात खालून धापांचा आवाज आला, आणि धापांमागून काका आले. कठडा धरून थांबले. पुतणीकडे पाहिलं, डब्याकडे पाहिलं, आणि कपाळावरचा घाम पुसत म्हणाले, "फिरायला नेतेस वाटतं त्याला? पाच वाजले. माझा चहा संपेपर्यंत थांबतो." आणि पुढचा जिना चढू लागले.

लिफ्टवाल्याला हसू आलं. तेच तिला झोंबलं.

"हसता काय? तीन तास झाले, तुमची लिफ्ट तरी कुठं चालतेय? वायरी बघितल्या?"

"सगळ्या."

"मोटर?"

"दोनदा."

"आणि या मजल्याचं दार?"

"बंद आहे की."

"बंद दिसतंय," ती म्हणाली. डबा तिनं पायरीवर ठेवला, लिफ्टच्या दाराशी गेली आणि फटीतून दोन बोटांनी पेपरची एक जाड घडी ओढून काढली. "इथले आजोबा दुपारी झोपतात. दार आपटलं की त्यांची झोप मोडते, म्हणून ही घडी. दार अर्धा बोट उघडं राहिलं की लिफ्ट हलणार कशी?"

दार 'टक्' करून मिटलं. लिफ्ट गुरगुरली.

लिफ्टवाल्याचे कान लाल झाले. "मी थेट पॅनेलच उघडलं," तो हळूच म्हणाला. "म्हटलं, दारं बघणं शिकाऊंचं काम..."

लढाई जिंकल्यासारखी ती कमरेवर हात ठेवून उभी राहिली. मग त्याचा पडलेला चेहरा बघून तिला कसंसंच झालं. ती खाली बसली आणि डब्याचं झाकण तिनं स्वतःच उघडलं.

"लांबून बघा," ती म्हणाली. "फक्त बघा."

तो वाकला. आणि बघतच राहिला. आतल्या सगळ्या वायरींची तिनं वेणी घातली होती. तीन पेडांची, घट्ट, एक तार इकडची तिकडे नाही.

"बाप रे... आमच्या कंपनीत इतकं देखणं काम कुणाला जमत नाही."

"माहितेय मला."

"याचाच अभिमान आहे ना सगळ्यात जास्त?"

"आहेच मुळी!"

"मग तिथंच बघा. माझंही आज तिथंच अडलं होतं."

ती रागानं काहीतरी बोलणार होती... पण नजर वेणीच्या टोकाशी गेली. वेणी इतकी ताणली होती, की बटणाकडून येणारी बारकी पिन आपल्या जागेवरून उचकटून हवेत लोंबत होती. बटण बिचारं दाबलं जात होतं, पण त्याचं गाऱ्हाणं कुणापर्यंत पोचतच नव्हतं.

तिनं वेणी सोडली. पिन बसवली. त्यानं हात पाठीमागे बांधून घेतले होते, अगदी शाळेतल्यासारखे.

दोघं लिफ्टनंच वर गेले. मध्ये डबा, त्याच्या दोन्ही बाजूंना दोन श्वास. एक मजला इतका लांब असतो, हे तिला पहिल्यांदाच कळलं.

काकांच्या कपात शेवटचा घोट उरला होता. तिनं वायर लावली, डोळे मिटले, बटण दाबलं.

घुर्रर्र...

निळा दिवा लागला. पंखा फिरला. आई मिक्सर बंद करून धावत आली. काका डब्यात डोकावले, मग दारातल्या निळ्या शर्टाकडे वळले. "हं! म्हणजे यांनी करून दिला."

"मी बोटसुद्धा लावलेलं नाही," लिफ्टवाला म्हणाला.

"पण चूक कुठं बघायची, ते यांनी सांगितलं," ती ताठ मानेनं म्हणाली. "हात माझेच होते. तरी टेबल द्यायचं नसेल, तर राहू दे."

"आणि साहेब, लिफ्ट..." तो घुटमळला, मग छाती काढून म्हणाला, "लिफ्ट यांनी सुरू केली. मला तीन तासांत जमली नाही, यांनी दोन बोटांत केली."

हरल्याचं इतक्या अभिमानानं सांगणारा माणूस तिनं आजवर पाहिला नव्हता. काकांनीही नसावा. ते शेवटचा घोट घेऊन म्हणाले, "उद्यापासून ये. टेबल खिडकीजवळचं घे."

जाताना त्यानं कंपनीचा कागद पुढे केला. 'दोष कोणी शोधला' या रकान्यात तिची सही. खाली मोबाइल नंबर.

"नंबर कशाला?"

"कागदावर रकाना आहे."

"फोन करायचा तो लिफ्ट बंद पडली तरच."

"पडेल," तो हसला. "आजोबांचा पेपर रोज येतो."

पुढच्या रविवारी दुपारी लिफ्ट पुन्हा बंद पडली. या वेळी तो दहाच मिनिटांत चौथ्या मजल्याच्या दारात उभा होता.

"दोष सापडला," तो म्हणाला. "पण आजोबा तर चार दिवस झाले, लेकीकडे गेलेत."

"हो का? मग कोणी केलं असेल हो?"

त्यानं पाठीमागचा हात पुढे आणला. हातात पेपर होता. तीन पट्ट्या फाडून घातलेली, घट्ट, देखणी वेणी.

तिनं मान खाली घातली नाही. तसा स्वभावच नव्हता.

"चांगली जमलीय ना?" ती म्हणाली.

"सगळ्यात चांगली," तो म्हणाला, आणि ती घडी करून त्यानं शर्टाच्या खिशात, डाव्या बाजूला ठेवली.