दर दहा मिनिटांनी रुसणारं मशीन

"गेलं परत," प्रीतम म्हणाला, आणि होडीचं मशीन दोनदा खोकून बंद पडलं.

कोलशेतच्या धक्क्यावरून निघून जेमतेम दहा मिनिटं झाली होती. पोपट आजोबांनी दोरी खेचली. परत खेचली. सातव्यांदा त्यांचा खांदा थरथरला, तसं विनितानं तोंड फिरवलं. बघवत नव्हतं आणि करता तर काहीच येत नव्हतं. दिवाळीच्या सुट्टीत शेजारच्या सम्यकला घेऊन ती दिवा गावाहून मोठ्या हौसेनं आजोळी आलेली. मामेभाऊ प्रीतमबरोबर तिघं खाडी पालथी घालणार होती. इथे आल्यावर कळलं, आजोबा मशीन विकतायत. आज चारला गिऱ्हाईक येणार, आणि सोमवारपासून आजोबा बाळकुमच्या एका टॉवरच्या गेटवर वॉचमन म्हणून बसणार. ज्याला खाडीतला खडक न् खडक ठाऊक, त्यानं येणाऱ्या-जाणाऱ्या गाड्यांचे नंबर लिहायचे. विनिताला रात्री नीट झोपही लागली नव्हती.

"दसऱ्यापासून हेच नाटक," आजोबा म्हणाले. "तानाजी मेकॅनिकनं प्लग बदलला, कार्बोरेटर धुतला. त्याच्या गॅरेजात तासभर चालतं. होडीवर आणलं की रुसतं. म्हातारं झालं ते, माझ्यासारखं."

"गॅरेजात पेट्रोल कशातून देतात?" सम्यकनं विचारलं.

"त्याच्या कॅनमधून. आपली ही टाकी एवढ्या लांब कोण नेणार?"

ओहोटी लागली होती. होडी तिवरांच्या झाडीकडच्या चिखलाकडे सरकत चालली. प्रीतमनं वल्हं मारलं, पण एका वल्ह्यानं होडी नुसती गोल फिरली.

"दुसरं कुठंय?" विनितानं विचारलं.

"आजीनं कपडे वाळत घालायला बांधलंय," प्रीतम ओशाळून म्हणाला.

"शाब्बास. म्हणजे चिखलात रुतलो तर भरती येईपर्यंत बगळे मोजायचे," सम्यक म्हणाला.

आजोबांनी टाकीचं झाकण काढून आत डोकावलं. पेट्रोल भरपूर होतं. झाकण घट्ट लावून त्यांनी दोरी खेचली आणि मशीन लगेच सुरू झालं. सगळ्यांच्या जिवात जीव आला. होडी ओहोटीचं उलटं पाणी कापत सावकाश धक्क्याकडे निघाली, आणि दहा मिनिटांनी परत तोच खोकला.

आजोबा फळीवर मटकन बसले. "विकलेलंच बरं," ते स्वतःशीच म्हणाले. त्यांनी पुन्हा सवयीनं झाकण उघडलं आणि विनितानं कान टवकारले.

"आजोबा, झाकण उघडताना 'स्स्' झालं. कुणी श्वास ओढावा तसं. मघाशीही झालेलं."

"होत असेल, पोरी."

पण विनिताच्या डोक्यात दिव्याचं घर आलं. तिथे नळाला पाणी कधीमधीच, म्हणून ओट्यावर कायम तोटीचा जार.

"सम्यक, जारचं झाकण घट्ट असलं की काय होतं?"

"धार बारीक होत होत बंद पडते. आई ओरडते, झाकण सैल कर, हवा जाऊ दे आत." सम्यक बोलता बोलता थांबला. दोघांनी एकदमच टाकीच्या झाकणाकडे पाहिलं. त्यावर तेलात कालवलेल्या शेंदराचा जाड, सुकलेला थर होता.

"ह्याला हवेचं भोक नसतं?" विनितानं विचारलं.

"असतं की. बारीकसं, बरोबर मध्ये..." आजोबांनी झाकणावरून बोट फिरवलं. मग ते हळूच म्हणाले, "शेंदराखाली."

दर दसऱ्याला आजी मशीनला शेंदूर लावायची. यंदा आजोबांनी मशीनला नवा रंग दिला होता. 'मशीन बरबटवू नकोस, टाकीला लाव,' असं त्यांनीच तिला बजावलं होतं. आणि पूजेचा शेंदूर कुणी पुसत नाही!

"खरवडू?" प्रीतमनं विचारलं.

"आजीला विचारल्याशिवाय नको. नुसतं सैल ठेवू," विनिता म्हणाली.

झाकण अर्धा आटा सैल करून पेट्रोल उडू नये म्हणून आजोबांनी त्यावर फडकं धरलं. मशीन सुरू झालं. सम्यक घड्याळाकडे बघत बसला. आठ मिनिटं झाली, नऊ, दहा. विनितानं डोळे गच्च मिटून घेतले. मशीन चालूच होतं. पंधराव्या मिनिटाला होडी धक्क्याला लागली.

गिऱ्हाईक वेळेआधीच येऊन उभं होतं. "माफ करा, मशीन द्यायचं नाही," आजोबा म्हणाले. "प्रीतम, त्या टॉवरवाल्यांना फोन लाव. म्हणावं, दुसरा माणूस बघा." मग ते धक्क्यावर आलेल्या रखमाबाई आजीकडे वळले. "चाळीस वर्षं मी खाडीत. तानाजी एवढा नावाजलेला. पण अक्कल चालली ती ह्या दिव्याच्या पोरांची."

सगळं ऐकून आजीनं कपाळावर हात मारला. "म्हणजे मीच त्याचा गळा दाबला का गं?"

तिनं बांगडीतली सेफ्टीपिन काढून भोक मोकळं केलं. सुटलेला शेंदूर बोटावर घेतला.

"पुसायचा नसतो ना, आजी?" विनितानं विचारलं.

"पुसतेय कोण?" आजी म्हणाली आणि तो तिनं विनिताच्या कपाळाला लावला. "पुढच्या दसऱ्याला मशीनची पूजा तू करायची. कुठे लावायचा ते तुलाच ठाऊक."