पूल लांबला तर बरं

“ताई, मागे सरका! फळी सैल आहे.”

मी सरकले नाही. पुलाचा मधला भाग पुराने ओढून नेला होता, आणि उरलेल्या लोखंडावर पालथा पडून एक माणूस खालच्या नटाशी झुंजत होता. त्याने मान वर केली. कपाळावर ग्रीस, भुवईवर ग्रीस... डोळे तेवढे स्वच्छ.

“तुम्हीही ‘कधी होणार’ विचारायला आलात?”

“नाही. उशीर होईल ना, एवढंच विचारायचं होतं.”

त्याच्या हातातला पाना निसटता निसटता राहिला. दूधवाल्यापासून मास्तरांपर्यंत सगळ्यांनी त्याच्यामागे तगादा लावला होता. उशीर मागणारी मी पहिलीच.

“होईल की,” तो हसला. “तुम्ही म्हणताय तर नक्की होईल.”

खरं कारण मी सांगितलं नाही. पलीकडच्या चढावर बाबांचं चष्म्याचं दुकान होतं. डोळे तपासायला मी त्यांच्याच हाताखाली शिकले. उन्हाळ्यात बाबा गेले आणि शटर खाली आलं, ते आलंच. काका म्हणाले होते, “पूल झाला की ठरव. चालवणार असशील तर उघड, नाहीतर घेणारा तयार आहे.” लोक नावेने जात-येत होते. मला पाण्याची भीती वाटते, असं मी ठोकून दिलं होतं.

घरात जीव लागत नव्हता. चहा गॅसवर ठेवायची, तो उतू जाईपर्यंत जिन्यात उभी राहायची, मग गॅस बंद करून चपला घालायची. पाय नदीकडेच जायचे.

“आज काय बिघडलं?” मी विचारायची.

“आज काहीच नाही. माफ करा हं.”

पुढे कधीतरी ते ‘ताई’ गळून पडलं. पुरात गेलं असावं. गाव त्याला पूलवाला म्हणायचं, मीही तेच म्हणू लागले. एका संध्याकाळी त्याने मला नव्या फळ्यांवरून मध्यापर्यंत नेलं.

“पाय जुळवू नका. दोघं एका ठेक्यात चालली की पूल डोलतो.”

“मी कुठे जुळवतेय? तुम्हीच जुळवताय.”

तो थांबला. मीही थांबले. पूल मात्र जरा वेळ हलतच राहिला...

आणि मग तो दिवस आलाच. पूल वजन पेलतो का ते बघायला पाण्याने भरलेली पिंपं रांगेने त्यावर ठेवली, पूल जेवढा वाकायचा तेवढाच वाकला. पिंपं हटली, वाट अडवणारी दोरी सुटली, लोक ओरडत पलीकडे धावले. तो फडक्याला हात पुसत आला. हात केव्हाच स्वच्छ झाले होते, तरी पुसत राहिला.

“नदीच्या वरच्या अंगाला मोठं काम आलं होतं. नाही म्हणालो. म्हणजे... तुम्ही रोज उशीर मागत होतात. मला वाटलं—”

आता सांगणं भाग होतं. दुकान, काका, नावेची थाप, सगळं सांगितलं. त्याचे कान लाल झाले.

“म्हणजे ते माझ्यासाठी नव्हतंच? वा! पूल सोडून मी हवेत इमले बांधत बसलो!”

“आधी नव्हतं,” मी म्हणाले. “फळ्या बसल्यापासून... होतं.”

त्याने बाजूला होऊन नुसती वाट दिली, आणि मी चालू लागल्यावर मागोमाग आला.

शटर उचलताना दोघांचेही दंड भरून आले. आत बाबांचं स्टूल, समोर खुर्ची, भिंतीवर अक्षरांचा तक्ता. सगळ्यावर धूळ. माझे पाय दारातच अडले. तो सरळ जाऊन खुर्चीत बसला.

“तपासा. मला लांबचं नीट दिसत नाही.”

“मग पूल कसा बांधलात?”

“पूल जवळूनच बांधतात.”

हसू आलं, आणि हसता हसता डोळे भरले. ओढणीने आधी ते पुसले, मग स्टूल पुसलं, आणि बसले. तपासणीची चौकट त्याच्या नाकावर चढवताना माझी बोटं त्याच्या कानाला लागली. त्याने श्वास रोखून धरला.

दारात सावली पडली. काका होते.

“काय गं, काय ठरलं? आणि हा कोण?”

“पेशंट आहे, काका,” मी वळून न बघता म्हणाले. “तुम्ही बाहेरच्या बाकावर बसा. याला वेळ लागेल.”