मिनिटाला साडेचार लिटर

नेकनूरच्या रस्त्यावर आमची तपासणीची गाडी मेंढ्यांच्या कळपात अडकली, तेव्हा भागवत मला पहिल्यांदा दिसला. मेंढ्या बाजूला सारत तो खिडकीशी आला. गाडीवर रंगवलेलं हृदय त्यानं नीट न्याहाळलं.

"ह्यात काय तपासता?"

"हृदय मिनिटाला किती रक्त पुढं ढकलतं, ते मोजते."

"सुई घालून?"

"नाही."

"नळी घालून?"

"नाही."

"मग... कावून खोटं बोलता, म्याडम?"

तो हसला नाही. मीच हसले.

पुढं तीन दिवस गाडी गावातच होती आणि तो रोज दारात येऊन उभा राहायचा. त्याची आई, रतनबाई, बाहेर लिंबाखाली बसायची. चार पावलं चालली की तिला धाप लागायची. तिचा आकडा कळल्याशिवाय औषध ठरणार नाही, असं आमच्या पथकातल्या डॉक्टरांनी सांगितलं होतं. पण भागवतच्या वडिलांच्या हृदयात शहरात नळी घातली होती, आणि ते परत आले नव्हते. आईला तो यंत्राजवळ येऊ देत नव्हता. प्रश्न मात्र संपत नव्हते.

"आतलं रगत भायेरून कसं कळतं?"

"मानेला आणि बरगड्यांना पट्ट्या चिकटवते. जाणवणारही नाही इतकी बारीक वीज छातीतून जाते. रक्त भरून आलं की तिची वाट सोपी होते, ओसरलं की अवघड."

तो विचारात पडला. "म्हंजी पाटात न उतरता पाणी मोजल्यावानी."

इतकं नेमकं मला परीक्षेतही लिहिता आलं नव्हतं.

शेवटच्या दिवशी तो म्हणाला, "नवं औषध आमी आधी एकाच मेंढीला देतो. तिला सोसलं तर कळपाला."

"मग इथं मेंढी कोण?"

"तुमी."

मी पडद्याआड पट्ट्या लावल्या, ओढणी सारखी केली आणि खाटेवर पडले. यंत्रावर आकडा उमटला – साडेचार लिटर. तो बघायला वाकला. त्याच्या घोंगडीला लोकरीचा आणि धुराचा वास होता... आकडा पाच झाला. मग साडेपाच.

"हे कावून चढतंय?"

"असंच..."

"असंच चढतंय, म्हंजी यंत्र खोटं." तो दाराकडे वळला. "आई, चल. न्हाई मोजायचं."

बाहेर रतनबाई धापा टाकत उठू लागली. खरं सांगितल्याशिवाय ती थांबणार नव्हती.

"यंत्र खोटं नाही," मी छताकडे बघत म्हणाले. "तुम्ही... जवळ आलात म्हणून चढलं."

तो दारातच थांबला. आकडा उतरत होता – पाच, पावणेपाच... तो एक पाऊल पुढं आला. आकडा चढला. मागं सरला. उतरला. पुन्हा पुढं यायला लागला, तेव्हा मी म्हणाले, "पुरे की आता."

मान खाली घालून तो हसला. मग बाहेर हाक दिली, "आई, ये. यंत्र खरं बोलतंय."

रतनबाईचा आकडा कमी आला, जेमतेम तीन. डॉक्टरांनी गोळ्या लिहून दिल्या. नळीची गरज नव्हती. मी तिच्या पट्ट्या काढत होते.

"काईच दुखलं न्हाई बघ," ती म्हणाली. "नाव काय गं तुझं, पोरी?"

"सुकन्या."

ती उतरून गेली. भागवत गेला नाही. घोंगडी काढून तो खाटेवर बसला, सदऱ्याचं वरचं बटण सोडलं.

"तुम्हाला काय होतंय?"

"तेच बघायचंय. तुमचं कळलं... माझं बी मोजा." मग हळूच म्हणाला, "पर लांब जाऊ नका, सुकन्या. न्हाईतर आकडा खोटा यील."