पिशवीतलं पाणी

कराडच्या स्टँडवर सृष्टी सांगलीच्या गाडीत चढली, तेव्हा एकच जागा शिल्लक होती आणि त्या जागेवर थर्मोकोलचं खोकं बसलं होतं.

"ओ भाऊ, खोकं खाली घ्या की."

खिडकीशी बसलेल्या तरुणाने खोक्यावर आडवा हात ठेवला. "खाली धग लागते. आत दोघं आहेत… दोन दिवसांचे उपाशी."

"अगं बाई! कोण?"

"मासे. समुद्राचे."

"मग उपाशी का ठेवलंय बिचाऱ्यांना?"

"पोट रिकामं असलं की प्रवासात पाणी घाण होत नाही." त्याने खोकं उचलून मांडीवर घेतलं. "बसा."

इस्लामपूर येईपर्यंत तो खोक्यावर हनुवटी टेकून बसला होता. खड्डा आला की दोन्ही हातांनी खोकं उचलून धरायचा. पाळण्यातलं बाळ असावं तसं… सृष्टी खिडकीबाहेरचा ऊस बघत होती. म्हणजे, बघायला सुरुवात उसापासून करत होती.

सांगलीत दोघे उतरले आणि एकाच गल्लीत वळले.

"तुमी माझ्या मागं मागं का येताय?"

"मला वाटलं, तुम्हीच माझ्या पुढं पुढं चालताय."

दोघे थांबले ते एकाच फाटकाशी. निवृत्त सुभेदार आकाराम यांचं ते घर. सृष्टी जत तालुक्यातली. दवाखान्यात नर्स होती आणि सुभेदारांच्या घरी भाड्याने राहायची. सुभेदारांची काही वर्षं अंदमानात गेली होती. तिथला समुद्र डोळ्यांपुढून जात नाही म्हणून त्यांनी बैठकीच्या खोलीत खाऱ्या पाण्याची दोन फुटी काचपेटी मांडली होती.

खोक्यातल्या पिशवीत पिवळ्या पाठीचे, काळ्या पट्ट्यांचे दोन मासे होते.

"याला सार्जंट मेजर म्हणतात," तो तरुण म्हणाला. त्याचं नाव शिवतेज, राहणारा साताऱ्याचा.

"सार्जंट मेजर? म्हणजे आपला हवालदार मेजर. मग माझ्या हाताखालचा!" सुभेदारांनी मिशीवर हात फिरवला. "पोरी, चहा टाक. जवान हजर झालेत."

शिवतेजने पिशवी बादलीत सोडली आणि काचपेटीतून एक बारीक नळी आणून तिला सैल गाठ मारली. नळीतून थेंब थेंब पाणी पिशवीत पडू लागलं.

"सरळ पेटीत सोडायचं न्हाई?" सृष्टीने विचारलं.

"नाही. परक्या पाण्यात एकदम टाकलं तर मासा घाबरून मरतो. नवं पाणी आधी थोडं थोडं ओळखीचं व्हायला हवं. तासभर लागतो."

सृष्टी आत गेली आणि सलाईनची नवी नळी घेऊन आली. चाक फिरवून तिने थेंब बांधून दिले. सेकंदाला तीन.

"गाठीपेक्षा हे बरं."

शिवतेज थेंबांकडे बघत राहिला, मग तिच्या बोटांकडे. "माझ्या तीन वर्षांच्या गाठी तुम्ही एका मिनिटात सोडवल्या."

तासाभराने त्याने मासे जाळीने पेटीत सोडले आणि पिशवीतलं पाणी मोरीत ओतून दिलं. ते पाणी जाताना सृष्टीचा हात नकळत पुढे झाला.

मग दीड वर्ष तो महिन्या-दोन महिन्यांनी येत राहिला. मालवणकडे ओहोटीला कोळी खडकांतल्या डबक्यांतून जाळीने मासे धरत. शिवतेज ते साताऱ्याला आणायचा, खायला लागेपर्यंत सांभाळायचा आणि मग घरोघर पोचवायचा. दर खेपेला थेंब पडायचे आणि तो तास त्या दोघांचा असायचा. तुम्हीचं तू कधी झालं, ते कळलंच नाही. गप्पा माशांच्याच असत.

"हा लाजतोय बघ."

"कशावरनं?"

"दगडाआडून बघतो. तुझ्यासारखा."

"मी कुठं दगडाआडनं बघती?"

"तू चहाच्या कपाआडून बघतेस."

पण शब्द इथेच थांबायचे. सुभेदार खाकरायचे, थेंब संपायचे, साताऱ्याची गाडी लागायची. तो गेला की सृष्टी रिकाम्या नळीचं चाक उगाच फिरवत बसायची…

मार्गशीर्षातल्या एका रविवारी सकाळी गाडीच्या कंडक्टरकडून नुसतं खोकं आलं. पाच पिशव्या आणि एक चिठ्ठी.

'सुभेदार साहेब, एक वर्ष तामिळनाडूला चाललो आहे. समुद्रातून मासे न काढता त्यांची पैदास कशी करायची, ते शिकायला. उद्या मिरजेहून गाडी. सृष्टीला सांगा, पिशवीतलं पाणी फेकून दे.'

दीड वर्षानंतर तिच्यासाठी एवढंच? पाणी फेकून दे?

तिने थेंब लावले, तास मोजला, पाचही मासे सोडले. पाचही पिशव्यांचं पाणी बादलीत जमा झालं. बादली उचलून ती मोरीपर्यंत गेली… आणि तिचे हात थांबले. आठवड्यातून दोनदा टँकर येणाऱ्या गावात ती वाढली होती. तिथे हात धुतलेलं पाणीसुद्धा शेळीपुढे ठेवत. डोळ्यांतलं पाणी पुसत ती मागे फिरली आणि तिने बादली काचपेटीत रिकामी केली.

दुपारपर्यंत मासे वर येऊन तोंडं वासायला लागले. सगळ्यांत आधी पहिल्या जोडीतला म्हातारा मेजर.

तिने फोन लावला. "शिवतेज, मेजर मरतोय रं… पिशव्यांतलं पाणी मी पेटीतच वतलं!"

"हवेचा पंप पूर्ण सोड. मी निघालो."

चार वाजता तो मिठाचं तयार पाणी भरलेले चार कॅन घेऊन दारात उभा होता. पाठीला प्रवासाची पिशवी होती. त्याने निम्मं पाणी उपसलं, नवं हळूहळू भरलं. मग विचारलं, "ते पाणी आत का ओतलंस?"

"आमच्यात पाणी टाकत न्हाईत."

शिवतेज खाली बसला. "चूक माझी. फेक म्हणालो, का फेकायचं ते सांगितलंच नाही. मासा प्रवासभर त्याच पाण्यात श्वास सोडतो, मुततो. पिशवीचं तोंड घट्ट बांधलेलं. जितका वेळ बंद राहील, तितकं त्याचं विष होतं."

सृष्टी काचेकडे बघत राहिली. "मग तू दीड वर्ष तोंड का बांधून बसलायस?"

खुर्चीत बसलेले सुभेदार उठले. "मी… दूध आणतो," म्हणाले. दूध घरात होतं.

"पहिल्याच दिवशी तू मला भाऊ म्हणालीस," शिवतेज हळूच बोलला.

"गाडीत समद्यांनाच भाऊ म्हणत्यात, येड्या."

"आणि आज चिठ्ठी पाठवली, कारण समोर आलो असतो, तर गाडीत चढलोच नसतो. मला तू आवडतेस, सृष्टी. त्या सलाईनच्या नळीपासून."

तिने पदर नव्हता म्हणून ओढणीचं टोक बोटाला गुंडाळलं. "मला तू खोक्यापासनं."

तेवढ्यात म्हातारा मेजर तळाशी गेला, वळला आणि दगडावरचं शेवाळ टोचू लागला. दोघेही एकदम हसले आणि हसता हसता तिच्या हातावर त्याचा ओला हात आला. तो तिने काढू दिला नाही.

"वर्ष आहे," तो म्हणाला. "थांबशील?"

"मी टँकरची वाट बघत मोठी झाली हाय. वाट बघायचं मला शिकवू नगंस." ती क्षणभर थांबली. "पण आमचा टँकर उशिरा का हुईना… येतो. तू?"

"येईन. रिकामा नाही येणार."

सकाळी त्याला मिरजेला सोडून ती घरी परतली. उपसलेल्या पाण्याची बादली अजून मोरीशी तशीच होती. तिने ती दोन्ही हातांनी उचलली आणि आयुष्यात पहिल्यांदा, शेवटच्या थेंबापर्यंत, ओतून दिली.

मग सलाईनची नळी स्वच्छ धुऊन तिने खिळ्याला अडकवली. हाताशी लागेल अशी.