डाव्या अंगाला जड

"शर्यत ह्या पळणार आन् गुडघे माझे झिजणार," गाडीखालून मेकॅनिक रघुवीर पुटपुटला.

शेजारी उकिडव्या बसलेल्या प्रेरणाला ते स्वच्छ ऐकू आलं. तिनं पान्हा दगडावर आपटला. "पुटपुटू नकोस. पत्रा बघ. गंज?"

"औषधालाबी न्हाई, ताई."

तिथंच तिला पहिला संशय आला. हिर्डोशी खोऱ्यातला पाऊस, वर्षानुवर्षं गोठ्यात उभी असलेली साठच्या दशकातली दोन सीटांची गाडी, आणि गंज नाही? वर पहिल्या किल्लीला सुरू झाली, तेही आजारी माणसासारखं न खोकता.

प्रेरणा भोरला वकिली करायची आणि जुन्या गाड्यांच्या शर्यतीत दरवर्षी शेवटून पहिली यायची. तिची गाडी देखणी, पण वळणावर म्हशीसारखी बसकण मारणारी. पन्नाशीच्या आत एकदा तरी जिंकायचं, तर गाडी हलकी हवी, दोन्ही अंगांनी सारख्या तोलाची. ही तशी दिसत होती.

विकणाऱ्या सगुणाबाई मात्र गोठ्याच्या दारातच थांबल्या होत्या. मागं त्यांचे दीर, धनाजी.

"कोण चालवायचं ही?"

"आमचं मालक."

"सध्या कुठं असतात?"

धनाजींनी जमिनीकडे पाहिलं. सगुणाबाईंच्या कपाळावर कुंकू ठसठशीत होतं.

"च्या टाकू का, ताई?" त्या म्हणाल्या.

रघुवीरनं चारी चाकांखाली वजनाचे चार सपाट काटे सरकवले. शर्यतीची गाडी अशीच पारखतात. रंगरूपानं काय, नवरेसुद्धा फसवतात. डावं अंग जड भरलं. चांगलं एका माणसाइतकं.

"काहीतरी दडवलंय," प्रेरणा कोर्टातल्या आवाजात म्हणाली.

दाराचं अस्तर उसवलं. चटई उचलली. डावी सीट काढून बाहेर ठेवली. गोठ्यात गारठा होता, तरी सीटचं कातडं कोमट लागलं; आत्ताच कुणी उठून गेल्यासारखं. काटे अदलून बदलून पाहिले.

डावं अंग तेवढंच जड.

"आता तुमी बसा बरं उजवीकडं, स्टिअरिंगवर," रघुवीर म्हणाला.

ती बसली. स्टिअरिंग तळव्यांत असं मावलं, की जणू तिच्याच हातांचं माप घेऊन केलं होतं.

"सारखी!" रघुवीर ओरडला. "ताई, दोन्ही अंगं सारखी! अशी गाडी जन्मात बघितली न्हाई म्या."

"घेतली," ती म्हणाली. संशय होता, पण समोर वळण दिसत होतं, आणि मागं पडलेल्या सगळ्या गाड्या.

ती उतरली. दार लावलं.

रघुवीर काट्यावर वाकलेलाच राहिला.

"उतरा की, ताई. काटं काढायचेत."

"उतरलेय. तुझ्या मागं उभी आहे."

त्यानं वळून तिच्याकडे पाहिलं. मग पुन्हा काट्याकडे.

उजवीकडचा आकडा खाली आला नव्हता.

सगुणाबाईंनी पदर तोंडाशी धरला. "भावजी, आता तरी सांगा."

धनाजींनी डाव्या सीटच्या रिकाम्या जागेकडे पाहिलं, मग उजव्या सीटकडे.

"माणसाला गाडी लागती, ताई," ते हळू म्हणाले. "ह्या गाडीला माणूस लागतं."